आमच्या गाण्यात हलगी नाही

उद्यमनगर, कोल्हापूर
११ नोव्हेंबर २०२४

धवल,

पत्राच्या वर ‘प्रिय’ लिहायची पद्धत आहे, मला माहीत आहे. ती जागा मुद्दाम मोकळी सोडली आहे.

फोन केला असता तर मी शिव्या दिल्या असत्या आणि तू ‘रेंज नाही’ म्हणून कापला असतास. मेसेज केला असता तर दोन निळ्या खुणा आणि हात जोडल्याचं एक चित्र आलं असतं. म्हणून कागद. आमच्या घरात तसंही बोलण्यापेक्षा लिहिणंच जास्त चालतं, हे तुला नव्यानं सांगायला नको. आण्णांशी बोलायचं म्हणजे पाटी घ्यायची. तुझं अक्षर त्यांना लागेना, तेव्हा त्यांनी तुला अ आ इ ई गिरवायला बसवलं होतं. एवढा घोडा झालेला तू, आपल्या बँडचा गिटारवाला, आमच्या सोप्यात मांडी घालून ‘ज्ञ’ काढत होतास. आठवड्यातले चार दिवस आमच्यात जेवायचास तेव्हाची गोष्ट.

आता तू पुण्यात बसून एका ऑनलाइन मासिकात नव्या अल्बमांची परीक्षणं लिहितोस. लोक म्हणे तू काय लिहितोस ते बघून मग गाणी ऐकतात. ऐकोत बापडे.

आपल्या बँडचा, ‘शिरोली नाका’चा, पहिला अल्बम आला. ‘वाळूचे साचे’. नऊ गाणी. तू गेल्यावर सहा वर्षं लागली, कारण आम्ही दोघंच उरलो. मी गाते आणि गिटार वाजवते, आदर्श ठोकतो. दिवसभर मी शिरोलीत फौंड्रीत ओतलेली लोखंडी कास्टिंग तपासते, तो डेअरीत थंड करायची मशीनं सांभाळतो, आणि सुट्टीच्या दिवशी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही एकमेकांचं डोकं खातो. तू का गेलास, हा विषय नाही.

अल्बमवर चौघांनी लिहिलं. मुंबईच्या एकाला आमच्या गाण्यांत मातीचा वास आला. एका व्हिडिओवाल्यानं सुरुवातीलाच कॅमेऱ्यासमोर लवंगी मिरची चावली आणि पुढची चार मिनिटं डोळे पुसत बोलला. तिसऱ्या बाईंना माझी गिटार कोल्हापुरी चपलेसारखी करकरताना ऐकू आली. माझी गिटार इंडोनेशियात तयार झाली आहे, बाई. ह्या तिघांना मी माफ केलं. त्यांच्या लेखी कोल्हापूर म्हणजे जेवणाचं ताट. ताटात गिटार कुठं ठेवायची हे त्यांना कळेना, म्हणून वाटीत ओतली.

चौथा तू.

तुझं वाक्य मला पाठ झालं आहे. “‘ठोकून बघ’ या गाण्यात रांगडी हलगी अशी काही कडाडते, की तांबड्या रश्श्याचा पहिला भुरका घेतल्यासारखा कानाला ठसका लागतो.” खाली पाचापैकी साडेतीन चांदण्या.

धवल, आमच्या गाण्यात हलगी नाही. अख्ख्या अल्बममध्ये कुठंच नाही. ‘ठोकून बघ’मध्ये जे वाजतं ते ट्रकचे ब्रेक ड्रम आहेत. मापात नापास झालेले पाच ओतीव लोखंडी ड्रम, लोखंडी चौकटीला साखळीनं टांगलेले. ते आण्णांनी निवडले. एका हातात हातोडी, दुसऱ्या हाताची बोटं ड्रमच्या कडेला. थरथर बोटांत रेंगाळली तर ठेवला, लगेच मेली तर टाकला. वीसेक वर्षं ज्या माणसानं फौंड्रीत फेटलिंगला कास्टिंगचा जादा धातू तोडला, घासला, आणि त्या आवाजात दोन्ही कान घालवले, त्यानं कान नसताना आमच्यासाठी आवाज निवडला. ते गाणं त्यांचं आहे. हे कोणाला नाही कळलं तरी तुला कळायला पाहिजे होतं.

आणि आता मुद्द्याचं ऐक. आण्णांना अल्बम ऐकू येणार नाही. कानाचं मशीन लावलं की त्यांना नुसती भांडी पडल्यासारखी वाटतात, ते कपाटात पडून आहे. तेव्हा गाणी कशी झालीत हे त्यांना कळायचा एकच मार्ग होता, कोणीतरी नीट लिहून सांगणं. मी सांगितलं तर म्हणतात, तू पोरगी, तू चांगलंच म्हणणार. महिनाभर एकच धोसरा, “धवलनं लिवलं का?” म्हणून आदर्शनं तुझं परीक्षण झेरॉक्सच्या दुकानातनं मोठ्या अक्षरांत काढून आणलं. आण्णांनी हात धुतले, चष्मा पुसला आणि उजेडाला जाऊन बसले.

एकदा वाचलं. परत वाचलं. मग कागद माझ्यासमोर धरून म्हणाले, “ह्यात हलगी कुठनं आली गं?”

मी पाटीवर लिहिलं, धवल चुकला.

“धवल?” ते इतक्या मोठ्यानं ओरडले की समोरच्या गॅलरीतल्या बाईनं वाळत घालायचं थांबवलं. “त्याला हलगी वळकत न्हाय? मिरवणुकीत हलगीच्या फुडं नाचत असायचा त्यो!”

मग कागदाची घडी घातली आणि नंतर जे बोलले ते हळू बोलले. त्यांना स्वतःचा आवाज येत नाही, त्यामुळं ते कायम ओरडतात, त्यांचं हळू बोलणं आमच्या कानी सहसा येत नाही. म्हणाले, “मला बरं वाटावं म्हणून सांगितलं व्हय तुम्ही, ड्रम वाजवलं म्हणून?”

रेकॉर्डिंग झालं तेव्हा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्याला पट्टी. गडहिंग्लज रोडच्या ज्या रिकाम्या मंगल कार्यालयात आम्ही ते केलं, तिथं ते येऊ शकले नाहीत. तालमीला ड्रम वाजले हे त्यांनी बघितलं आहे. पण शेवटी अल्बममध्ये काय गेलं, हे त्यांना आमच्या शब्दावर मानायचं होतं. तुझं छापून आलेलं एक वाक्य आणि आमचा शब्द, ह्यात त्यांनी तुझं वाक्य धरलं. “त्यो कशाला खोटं लिवंल?” असं विचारतात. मी काय लिहू पाटीवर?

तू गाणं न ऐकता लिहिलंस. दुसरं काही होऊच शकत नाही. एकदा ऐक आणि दुरुस्त कर.

क्रांती


१७ नोव्हेंबर २०२४

धवल,

तुझी ईमेल आली. कागदाला कागदानं उत्तर द्यायची हिंमत झाली नाही, ठीक आहे.

आत्ता खालून प्रचारफेरी चालली आहे. तीन गाड्या, एक ध्वनिक्षेपक आणि पुढं हलगी. खिडकी उघडी ठेवून लिहिते आहे. ही हलगी, धवल. कातडं तापवून वाजवतात ती. आवाज उठतो आणि लगेच संपतो, म्हणून तर ती नाचवते. आमचा ड्रम वाजला की मागं रेंगाळतो. दोन्हींत सख्खं सोड, चुलत नातंही नाही.

पण हे तुला सांगण्यात अर्थ नाही, कारण तू लिहितोस की तुला ठाऊक होतं. तुझंच वाक्य उतरवून काढते, म्हणजे परत तुझ्या डोळ्यांसमोर येईल: “मी अल्बम तीन वेळा ऐकला. ते ब्रेक ड्रम आहेत हे मला पहिल्याच वेळी कळलं. पण पुण्या-मुंबईच्या वाचकाला ब्रेक ड्रम म्हटल्यावर काय दिसणार? हलगी म्हटलं की कोल्हापूर दिसतं. तुमच्यासाठीच लिहिलं. नाहीतर हे परीक्षण संपादकांनी घेतलंच नसतं.”

तुमच्यासाठीच. वा रे वा.

मला आधी वाटलं होतं तू आळशी झालास. आता कळलं, हे त्याच्याही पलीकडचं आहे. तरी खरं सांगू? तुझा तीन वेळा ऐकल्याचा दावा मला पटलेला नाही. पकडलं गेल्यावर माणूस असंच काहीतरी ठोकून देतो. बसमध्ये फोनवर एकदा लावलं असशील, पुढच्या सीटवरच्याशी गप्पा मारत.

मी पण परीक्षणच करते, धवल. रोज. कास्टिंग समोर येतं, मी ते ठोकते, कान देते, माप घेते. नापास केलं तर लाल रंगाचा पट्टा मारते आणि कारण लिहिते. खरं कारण. गिऱ्हाइकाला ‘वाळू राहिली’ हे वाचायला आवडत नाही म्हणून मी ‘रंग जरा फिका’ असं लिहीत नाही. आणि पास करताना तर त्याहून जास्त जपून, कारण तो ड्रम कुठल्यातरी ट्रकला लागणार आणि तो ट्रक घाटातनं उतरणार. तुझ्या लिखाणानं कोणाचा ट्रक दरीत जाणार नाही, हे मान्य. पण आमच्या घरात जे गेलं ते गेलं.

आण्णा तालमीला यायचे बंद झाले. आधी सुट्टीच्या दिवशी आदर्शच्या आधी तेच शेडमध्ये असायचे. लोखंडी चौकटीला हात लावून बसायचे, चेहरा असा की आपण गाणं ऐकतोय. मी चुकीच्या जागी थांबले तर डोळे उघडायचे. आता बाहेर खुर्चीत पेपर घेऊन बसतात. मी हाताला धरून न्यायला गेले तर म्हणाले, “वाजवा की, मला दाखवायची काय गरज हाय?” तो ‘दाखवायची’ शब्द माझ्या अंगात बसला आहे.

तू जातानाही कारण सांगितलं नव्हतंस. ‘आठ दिवसांत येतो’ म्हणून बॅग घेतलीस. आण्णा आठ दिवस तुझं ताट वाढायला लावत होते. तो विषय नाही.

विषय हा: दोन कामं कर. एक, मासिकातलं ते वाक्य बदल. दोन, आण्णांना स्वतःच्या हातानं पत्र लिही. माझ्यामार्फत नको, आदर्शमार्फत नको. गाणी कशी आहेत ते लिही. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून त्यांना तुझी गरज आहे. बाकी तुझ्या वाचकांना दोन-दोन कान आहेत.

क्रांती


२ डिसेंबर २०२४

धवल,

उत्तर नाही. पण तुझं परीक्षण स्वस्थ बसलेलं नाही, ते आमच्या दारात येऊन उभं राहिलं.

पुण्यातल्या एका मोठ्या संगीत महोत्सवातनं फोन आला. अस्मिता नावाची मुलगी, बोलायला गोड. म्हणाली, “धवल सरांचं वाचलं. आम्हाला तुम्ही हवेच आहात. तो हलगीचा रॉ साऊंड स्टेजवर लाइव्ह पाहिजे.” मी म्हटलं, हलगी नाहीये, ब्रेक ड्रम आहेत. ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला. मग म्हणाली, “ते काहीही असू दे, ऑडियन्स हलगी एक्स्पेक्ट करणार. आणि फेटे बांधून आलात तर व्हिज्युअली खूप छान होईल.” मी सांगितलं, मी जन्मात फेटा बांधलेला नाही. तर म्हणते, “बांधून देणारा माणूस आम्ही देऊ ना!”

मी नाही म्हटलं आणि फोन ठेवला. आदर्श समोरच बसला होता.

आदर्शला तू ओळखतोस. दहा वर्षांत आवाज चढवला नसेल त्यानं. त्या दिवशी चढवला. “तुझं काय जातंय गं? एक गाणं हलगीवर वाजवू, लोकं जमतील, मग बाकीची आपली वाजवू की! गणपतीच्या मांडवाम्होरं वाजवून वाजवून म्हातारं व्हायचं काय आपण?” मी म्हटलं, आण्णांचं काय? म्हणाला, “आण्णांस्नी ऐकायला येत न्हाय, क्रांती. ज्यांस्नी येतं त्यांचा पण जरा इचार कर.”

त्याच्यावर मला रागावता येत नाही. तो चुकीचं बोलला, पण खोटं नाही बोलला. मोठ्या स्टेजवर एकदा वाजवायचं, एवढंच त्याला पाहिजे आहे, आणि तो आणि ते स्टेज ह्यांच्या मध्ये तुझं एक वाक्य उभं आहे. हलगी वाजव, नाहीतर घरी बस. ही निवड तू त्याच्यापुढं ठेवलीस.

काल तो शेडमध्ये हलगी घेऊन आला. कोणाकडनं तरी मागून आणली होती. म्हणाला, नुसतं बघू या हाताला बसते का. मी नको म्हणेपर्यंत त्यानं शेकोटीला धरून ती तापवायला घेतली, आणि आण्णा धूर कसला म्हणून बघायला आले.

दारात उभे राहिले. आदर्शच्या हातात हलगी. मी पाटी शोधते आहे, पाटी घरात. आण्णांनी एकदा हलगीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

“बघ,” म्हणाले. “मी म्हणलं न्हवतं?”

आदर्शनं कान पकडले, हातवारे केले, जमिनीवर बोटानं लिहायला लागला. आण्णांनी बघितलंच नाही. ड्रमांपाशी गेले आणि एकेका ड्रमवरनं हात फिरवला, जसा आपण विकलेली म्हैस दावणीतनं सोडताना तिच्या पाठीवरनं फिरवतो. म्हणाले, “ही उतरवा आता. उगं नाटक नको माझ्यासाठी. मी काय ल्हान पोरगं न्हाय.”

जेवताना आईनं विचारलं, तर म्हणाले भंगारवाल्याला सांगितलंय, येईल दहा-बारा दिवसांत.

मी त्यांच्यासमोर पाटीवर पाच वेळा लिहिलं की अल्बममध्ये ड्रमच आहेत. त्यांनी पाटी घेतली, ओल्या फडक्यानं नीट पुसली आणि खिळ्याला अडकवली. मला आयुष्यात इतकं मुकं वाटलं नव्हतं. माझ्याकडं पुरावा आहे, सगळ्या जगाला ऐकू येईल असा, आणि एकट्या ज्या माणसाला दाखवायचा त्याला तो दाखवता येत नाही.

तू तीन वेळा ऐकलंस ना? मग लिही. लिही, लिही, लिही.

क्रांती


१० डिसेंबर २०२४

पत्र आलं नाही.

पोस्टमनला मी रस्त्यात अडवून विचारते. तो आता मला बघून सायकल रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला घेतो.

भंगारवाला येऊन ड्रम बघून गेला. सोमवारी टेम्पो आणणार. मी मध्ये पडले तर आण्णा म्हणाले, “तुझं काय अडतंय? तुझी हलगी हाय की.” तुझी हलगी म्हणे.

मासिकातलं वाक्य आहे तिथंच आहे. खाली लोकांनी शेरे लिहिलेत. ‘कोल्हापूरचा नाद खुळा.’ सोबत मिरचीची चित्रं.

तुला काही वाटत नसेल तर तसं लिहून कळव. तेवढं तरी खरं लिही.

क्रांती


२२ डिसेंबर २०२४

धवल,

तुझं पत्र १४ तारखेला, शनिवारी आलं. टेम्पोच्या सोमवारच्या दोन दिवस आधी. तुझी वेळ कायम अशीच, गाणं संपता संपता शिरायचं.

पाकिटावर ‘श्री. हंबीरराव’ असं स्वतःचं नाव बघून आण्णांनी मला हात लावू दिला नाही. अक्षर बघून म्हणाले, “अजून ज्ञ येत न्हाय बघ त्याला.” मग आत जाऊन बसले. मी दाराशी. बरीच पानं होती. मध्येच हसले. मध्येच माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी फोडलं आहे.

मग बाहेर येऊन, समोरच्या गॅलरीतली बाई, खालचा इस्त्रीवाला आणि रस्त्यानं चाललेली दोन माणसं ह्यांच्या साक्षीनं, स्वतःच्या त्या आवाजात म्हणाले, “चौथं गाणं पार बंडल झालंय म्हणं तुझं! तिसऱ्यात भिऊन गायलीयास. कोणतरी येऊन बंद करंल असं!”

आता अख्ख्या उद्यमनगरला माहीत झालं आहे. त्याबद्दल तुझे आभार मानणार नाही. चौथं गाणं मी परत ऐकलं. बंडल आहे. साडेतीन चांदण्या देताना हे कुठं लपवलं होतंस?

मग त्यांनी एक पान मला वाचायला दिलं. एकच. तेवढं मी उतरवून घेतलं, कारण तू लिहिलेलं मला बऱ्याच वर्षांनी काहीतरी ओळखीचं वाटलं:

“आण्णा, ‘ठोकून बघ’मध्ये पाच ड्रम आहेत. हलगी नाही, मी ते चुकीचं छापलं, आणि जाणूनबुजून छापलं. सगळ्यात खालच्या आवाजाचा जो ड्रम आहे, तो पहिली दोन कडवी चांगला घुमतो. तुमच्या बोटांत रेंगाळेल तसा. शेवटच्या कडव्यात क्रांती मोठ्यानं गायला लागते आणि आदर्श जोर लावतो, तिथं एका ठोक्याला तो ड्रम बसतो. त्यानंतर तो घुमत नाही, नुसता ठक्क करतो. मला वाटतं तिथं त्याला चीर गेली. हलगीचं कातडं फाटलं तर ती फडफडते. हा आवाज फक्त लोखंडाचा असतो. हे तुमच्याच शेडमध्ये तुम्ही मला शिकवलं होतं, तेव्हा तुम्हाला थोडंफार ऐकू यायचं. शेडमध्ये जाऊन बघा.”

आण्णा तडक शेडमध्ये. आदर्श तिथं तोंड पाडून साखळ्या सोडवत होता, टेम्पो येणार म्हणून. आण्णांनी त्याला बाजूला केलं, सगळ्यात मोठा ड्रम धरला आणि मला म्हणाले, “रॉकेल आण.” रॉकेल आता कुठं मिळतं? आदर्शनं गाडीतनं डिझेल काढलं. आण्णांनी फडक्यानं ते ड्रमला सगळीकडं चोपडलं, थांबले, कोरडं पुसून काढलं आणि वरनं खडूची पूड लावली. तुला आठवत असेल, चीर असली तर आत मुरलेलं तेल हळूहळू खडूत उतरतं.

आम्ही तिघं बघत उभे. काही दिसेना. आदर्श म्हणाला, “न्हाय काय.” आणि मग पांढऱ्या खडूवर एक काळपट रेघ उमटायला लागली. काठापासनं खाली, वाकडी होत होत, बोटभर.

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. “हे तुला म्हाईत हुतं?”

मी मान हलवली. नव्हतं. ड्रम टांगायच्या आधी मीच तपासले होते, तेव्हा सगळे धड होते. नंतर मी परत तपासले नाहीत. महिनोन्‌महिने तोच ड्रम माझ्या पाठीमागं ठक्क करत होता आणि मी माझ्या गाण्यात इतकी गुंग, की माझ्या पोटापाण्याचा जो आवाज तोच मला ऐकू आला नाही.

“आदर्शा, तुला?”

आदर्शनं दोन्ही हात वर केले. “माझ्या हातनं फुटला व्हय?”

“मग त्यानं ऐकल्याबिगार त्याला कसं कळलं?” आण्णा म्हणाले. आम्हाला नाही, स्वतःलाच विचारल्यासारखं. रेघेवरनं बोट फिरवत राहिले. चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, परत घातला. “म्हंजे वाजलाय ह्यो. आत वाजलाय.” मग माझ्या डोक्यावर खडूचा हात ठेवला आणि म्हणाले, “माझं चुकलं गं.”

मी रडले. लिहायचं नव्हतं, लिहिलं.

टेम्पो रिकामा परत गेला. भंगारवाला शिव्या घालून गेला, त्या मी तुझ्या नावावर जमा केल्या आहेत. आण्णा परत तालमीला बसतात. फुटका ड्रम त्यांनी उतरवू दिला नाही, म्हणतात तो तसाच वाजू दे, ज्याला कान असतील त्याला कळेल. आदर्शनं हलगी ज्याची त्याला देऊन टाकली आणि स्वतःच अस्मिताला फोन केला, ड्रम घेऊन येतो म्हणाला. ती म्हणाली, स्टेजवर एवढं वजन नको, आणि आमची कन्सेप्ट वेगळी आहे. महोत्सव गेला. आदर्श दोन दिवस कामालाच गेला नाही. हे तुझ्याच वाक्याचं आहे आणि ते पत्र लिहून फिटत नाही.

पत्राचं शेवटचं पान आण्णा मला दाखवत नाहीत. त्यात माझ्याबद्दल काहीतरी आहे, कारण ते वाचताना त्यांनी दोनदा मान डोलावली. मी विचारलं नाही. तो विषय नाही.

आता ऐक. मी तुला लिहिलं होतं, तू न ऐकता लिहिलंस. तसं झालं असतं तर किती बरं झालं असतं. आळशी माणसाला मी कधी ना कधी माफ केलं असतं. पण तू ऐकलंस. दोन कानांत इअरफोनची दोन बोंडं घालून, पुण्याच्या कुठल्या तरी खोलीत बसून, तुला बोटभर चीर ऐकू आली, जी मला सापडली नाही, आणि माझी नोकरीच चिरा शोधायची आहे. तिसऱ्या गाण्यात मी भ्यायले, हे तुला कळलं. ह्या देशात आमचा अल्बम खरोखर ऐकलेला माणूस कदाचित तू एकटाच आहेस. आणि त्या एकट्या माणसानं लोकांना सांगितलं, हलगी आहे, रस्सा आहे, भुरका मारा. एवढा राग मला तू गेलास तेव्हाही आला नव्हता.

आज सकाळी परत मासिक उघडून बघितलं. तुझी हलगी अजून कडाडतेच आहे. आण्णांना खरं आणि दुनियेला खोटं, असं अर्धं काम आमच्या फौंड्रीत चालत नाही.

आण्णा शेजारी बसून मी काय लिहिते ते बघतायत. त्यांचा निरोप आहे, जसाच्या तसा लिहिते: “त्याला म्हणावं, जेवायला ये. फुटका ड्रम तसाच टांगलाय, हात लावून बघ.”

हे झालं त्यांचं. माझं एवढंच. आधी ते वाक्य बदल, मग गाडीत बस.

क्रांती